खूण सापडली म्हणजे गुण सापडला का? (फलटणच्या मेंढ्या, बासमती, सिकलसेल वगैरे)

चिंचबन

परवा एका धाग्यावर कोणीतरी सहज लिहून गेलं, "आता डीएनए टेस्ट केली की सगळं कळतं." तिथे उत्तर द्यायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

सगळं कळत नाही. जे विचाराल तेवढंच कळतं, आणि तेही खूण (मार्कर, म्हणजे डीएनएत ओळखता येणारी फरकाची जागा) कुठली धरलीत त्यावर. मी पशुवैद्यक आहे, मधली काही वर्षं डीएनए प्रयोगशाळेत काढली. खूण आणि गुण यांतला फरक मला सगळ्यात नीट समजला तो मेंढ्यांमुळे, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

सातारा, सोलापूर, नगर, पुणे या पट्ट्यात धनगरांच्या वाड्यावर (कळपाच्या तळावर) जी मेंढरं दिसतात ती दख्खनी. काटक, चालायला पक्की, कुसळांवर जगणारी. पण एका वेताला एकच कोकरू. जुळं झालं तर कौतुक. पूर्वी लोकरीची घोंगडी व्हायची, तिचे पैसे यायचे. आता कातरणीचा खर्च निघाला तरी पुष्कळ. म्हणजे उत्पन्न आलं कोकरांवर, आणि कोकरू एकच.

फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, बी. व्ही. निंबकरांनी १९६८ साली काढलेली. त्यांनी १९९० च्या दशकात सुंदरबनातून गारोल जातीची मेंढरं आणली. गारोल एवढीशी असते, वाढलेली मादी पंधरा किलोच्या आतबाहेर. बंगालच्या खाडीकाठी ती गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते. पण दोन-तीन कोकरं हा तिचा नेहमीचा हिशेब. डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हवं होतं ते गारोलचं जुळं आणि दख्खनीची अंगलट.

इथे ऑस्ट्रेलिया येतो. तिथे न्यू साउथ वेल्समधल्या कूमाजवळच्या बूरूला नावाच्या मेंढीफार्मवर मेरिनो मेंढ्यांचा एक कळप अनेक पिल्लं देण्यासाठी प्रसिद्ध होता. मेरिनो असं करत नाही. १९८० च्या सुमारास लक्षात आलं की यामागे एकच मोठा जनुक असावा. त्याचं नाव पडलं फेक-बी. हेलन न्यूटन टर्नर या संशोधक बाईंनी जुनी कागदपत्रं चाळली, तर १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून जहाजाने बंगाली मेंढ्या सिडनीला गेल्याच्या नोंदी निघाल्या. तेव्हा हा नुसता तर्क होता. २००२ मध्ये गारोलच्या डीएनएत हुबेहूब तोच बदल सापडला. दोनशे वर्षांपूर्वी बोटीतून गेलेल्या जनावरांचा माग असा लागला. मला हा सगळ्या गोष्टीतला सगळ्यात आवडता भाग वाटतो, पण मुद्दा पुढे आहे.

अडचण अशी की हा गुण नरात दिसतच नाही. मेंढा कितीही देखणा असो, त्याच्याकडे जुळ्यांचा जनुक आहे का हे कळायला त्याच्या लेकी मोठ्या होऊन व्यायल्या पाहिजेत. म्हणजे दोन-तीन वर्षं गेली. मादीतही एका वेतावरून खात्री होत नाही. दुर्बीण पोटात घालून बीजकोशावर किती बीजं सुटल्याच्या खुणा आहेत ते मोजावं लागतं. शंभर जनावरांवर हे करून बघा म्हणजे कळेल.

म्हणून डीएनएतली खूण हवी होती. १९९४ पर्यंत न्यूझीलंडच्या मंडळींनी हा जनुक मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर आहे इथपर्यंत आणलं होतं. नेमका जनुक माहीत नव्हता, पण त्याच्या आसपासचे मायक्रोसॅटेलाइट माहीत होते. डीएनए ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो. मायक्रोसॅटेलाइट म्हणजे त्यात सीए-सीए-सीए अशी दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात ती जागा. कोणात ती पंधरा वेळा, कोणात एकवीस वेळा. त्याने जनावराचं काहीच बिघडत नाही, म्हणून माणसामाणसांत आणि मेंढीमेंढीत भरपूर फरक साठलेले असतात. ही झाली शेजारची खूण. दिंडीत शेजारी चालणारे दोघं बहुतेक वेळा एकत्रच मुक्कामाला पोचतात, तसं खूण आणि जनुक पिढी दर पिढी बरोबर जातात. पण कधीतरी ताटातूट होते. शिवाय एका घराण्यात 'एकवीसवाला' तुकडा जुळ्यांबरोबर चालत असेल, तर दुसऱ्या घराण्यात 'पंधरावाला'. म्हणजे प्रत्येक कळपाची वंशावळ हाताशी हवी. धनगराच्या कळपात, चार वाड्यांचे नर मिसळलेले असताना, ती कुठून आणणार?

२००१ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी खरा बदल शोधला. बीएमपीआर-१बी नावाच्या जनुकात एका जागी ए च्या ऐवजी जी. एका अक्षराने प्रथिनातल्या ग्लुटामिन या घटकाच्या जागी आर्जिनिन येतं, आणि बीजकोश एकाऐवजी दोन-तीन बीजं पक्व करतो. आता शेजाऱ्याची गरज उरली नाही. ही चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बसवली गेली आणि फलटणचे नर लहानपणीच निवडता येऊ लागले.

चाचणी कशी दिसते तेही सांगतो, कारण 'डीएनए टेस्ट' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सिनेमातली प्रयोगशाळा येते. रक्ताचा थेंब कागदावर घेऊन वाळवायचा. पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य नकला काढायच्या रीतीने, १९० अक्षरांचा तुकडा वाढवायचा. त्यात एव्हीए-टू नावाचं एन्झाइम घालायचं. ते जीजीएसीसी असा क्रम दिसला की कापतं. बदललेला तुकडा कापला जाऊन १६० चा होतो, साधा तुकडा १९० चाच राहतो. मग जेलवर, म्हणजे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर, बघायचं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. वर एकच पट्टी, म्हणजे साधी मेंढी. खाली एकच, म्हणजे दोन्ही प्रती जुळ्यांच्या, बीबी. दोन्ही पट्ट्या दिसल्या तर एक प्रत, बी-प्लस. तीस अक्षरांचा फरक जेलवर बोटाच्या पेराएवढाही नसतो, तेव्हा जेल घाईने चालवलं की सगळंच एक दिसतं.

एक प्रत असलेल्या दख्खनी मेंढ्यांना वेताला सरासरी साधारण अर्धं कोकरू जास्त होतं. म्हणजे दर दोन वेतांत एक जादा. दुसऱ्या प्रतीने पिल्लं फारशी वाढत नाहीत. या कामातून सुवर्णा नावाचा मेंढीचा प्रकार तयार झाला.

तर माझं म्हणणं एवढंच: शेजारची खूण आणि प्रत्यक्ष बदल यांत फरक करा. 'मार्कर सापडला' अशी बातमी आली की पहिला प्रश्न तो विचारा. इथे बियाण्यात, दवाखान्यात, जंगलात काम करणारे बरेच आहेत. तुमच्याकडे काय अनुभव?

---

म्हसवडकर

चिंचबनसाहेब, लेख आवडला. आमचा वाडा आहे, म्हणून विचारतो. जुळं झालं हे ठीक, दूध कुठनं आणायचं? दिवाळीनंतर आमची मेंढरं खाली उतरतात. वाटंत व्याली तर कोकरू घोड्यावर घालून न्यायचं. एकाची दोन झाली तर घोडी किती ठेवू? मेंढी वाळते, एक कोकरू मरतं, दुसरं खुरटतं. दुष्काळात तर एकसुद्धा नको वाटतं. तुमच्या जेलवर पट्टी दिसली म्हणून माझ्या माळावर गवत उगवत नाही.

---

चिंचबन

काका, अगदी बरोबर बोललात, आणि हे फलटणच्या लोकांनाही पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून तर एका प्रतीवर थांबायचं. बी-प्लस मेंढीला प्रत्येक वेताला जुळं होतंच असं नाही, आणि तिळं क्वचित. ज्यांच्याकडे व्यायच्या दिवसांत थोडा भरडा किंवा कडवळ घालायची सोय आहे, बागायतीजवळ मुक्काम आहे, त्यांना फायदा. नुसत्या माळावर चालणाऱ्या कळपात हा जनुक घालू नये असं माझंही मत आहे.

---

जालन्याचा_बियाणेवाला

धागा आमच्या धंद्यावर आला म्हणून लिहितो. संकरित बियाण्याची शुद्धता तपासायची जुनी रीत म्हणजे 'ग्रो आउट'. नमुना पेरायचा, झाडं वाढू द्यायची, मग माणूस ओळीतून फिरत आईसारखी आणि परकी झाडं वेगळी मोजतो. एक हंगाम जातो आणि तोवर माल गोदामात अडकतो. आता मायक्रोसॅटेलाइटने काही दिवसांत काम होतं. संकरात आईचा एक तुकडा आणि बापाचा एक, दोन पट्ट्या. एकच पट्टी आली की ते दाणे स्वपरागीभवनाचे.

पण चिंचबन, तुमच्या मुद्द्याला माझा थोडा विरोध आहे. तुम्ही प्रत्यक्ष बदलाला वरचा पाट दिलात. बासमतीचं बघा. तांदळाच्या सुगंधाचा जनुक २००५ मध्ये सापडला: आठव्या गुणसूत्रावरचा बीएडीएच-२. त्यात आठ अक्षरं गळली की तांदूळ वास मारतो. ही खरी, कारण असलेली खूण. पण तीच आठ अक्षरं थायलंडच्या जास्मिनमध्येही गळलेली आहेत! म्हणजे ही चाचणी लावून बासमती आणि जास्मिन वेगळे करता येत नाहीत. ब्रिटनमध्ये बासमतीच्या पाकिटात इतर तांदूळ ७ टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा नियम तिथल्या व्यापाऱ्यांनी २००५ मध्ये करून घेतला. तो तपासायला काय वापरलं? ज्यांचा वासाशी, लांबीशी, चवीशी काडीचा संबंध नाही असे मायक्रोसॅटेलाइट. हैदराबादच्या सीडीएफडी या डीएनए तपासणी संस्थेने आठ खुणांची एकाच नळीत होणारी चाचणी बनवली होती.

ओळख पटवायची असेल तर निरुपयोगी खूणच उपयोगी. गुण निवडायचा असेल तर तुमची.

---

चिंचबन

मान्य. प्रश्न कोणता यावर खूण ठरते, हे तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं मांडलंत.

---

रानभूल

+१ बियाणेवाल्यांना. वाघांच्या अभ्यासात तर सगळं याच 'निरुपयोगी' खुणांवर चालतं. रक्त घ्यायचा प्रश्नच नाही, वाघाची विष्ठा गोळा करायची. तिच्या वरच्या थरात आतड्याच्या पेशी असतात. पहिली चाचणी हा वाघ की बिबट्या एवढ्यासाठीच, कारण जंगलात नुसत्या नजरेने लोक हमखास फसतात. मग मायक्रोसॅटेलाइटने कोणता वाघ. उन्हात पडलेल्या, पावसात भिजलेल्या विष्ठेतला डीएनए तुटलेला असतो, म्हणून एकच चाचणी चार-चारदा करावी लागते. एखादा तुकडा वाढलाच नाही तर दोन पट्ट्यांचा प्राणी एका पट्टीचा दिसतो.

मेळघाट, सातपुडा, पेंच आणि कान्हा इथल्या वाघांचा असा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे मधलं जंगल टिकलं तिथे दोन्हीकडच्या वाघांत जनुकांची देवाणघेवाण टिकलेली दिसली. पेंचमधून जाणाऱ्या महामार्गाखालून जनावरांसाठी वाटा ठेवाव्यात, या मागणीला अशा कामाने बळ मिळालं. वाघाचा रंग, ताकद, स्वभाव यातलं काही या खुणांत नाही.

आणि कारण असलेल्या खुणेचं उदाहरणही वाघातच आहे. ओडिशातल्या सिमिलीपालचे काळे वाघ! बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं की टॅकपेप जनुकातल्या एका बदलाने पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळतात. सिमिलीपालचे वाघ इतरांपासून तुटलेले आणि मोजके, म्हणून तो बदल तिथे इतका दिसतो.

---

इंद्रावती

मी गडचिरोली जिल्ह्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे रोज सिकलसेलचे नमुने येतात, म्हणून माणसांची बाजू मांडते.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. त्याचं कारण अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा-ग्लोबिन या हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा बदल. चिंचबनदादांनी मेंढीत सांगितलं तसंच इथेही घडलं. १९७८ मध्ये कॅन आणि डोझी यांनी दाखवलं की जनुकाच्या शेजारी एक कापणीची जागा (एन्झाइम कापतं ती) आहे, ती कधी असते कधी नसते, आणि सिकलबरोबर तिचा संबंध आहे. गर्भातल्या बाळाचं निदान त्यावरून करायला लागले. डीएनएतल्या फरकाचा खूण म्हणून झालेला हा अगदी सुरुवातीचा वापर. शेजारचीच खूण होती, म्हणून सगळ्या घरांत चालत नव्हती. पुढे प्रत्यक्ष बदलाच्या जागीच कापणारं (बदल असेल तर न कापणारं) एन्झाइम मिळालं.

पण शेजारच्या खुणा टाकून द्यायच्या नाहीत! त्या जनुकाभोवतीच्या पाच-सहा कापणीच्या जागा एकत्र बघितल्या की नमुना तयार होतो, त्याला हॅप्लोटाइप म्हणतात. आफ्रिकेत सेनेगल, बेनिन, बांटू, कॅमेरून असे चार. आणि पाचवा अरब-भारतीय. आमच्या गोंड, माडिया पेशंटपासून सौदी अरेबियाच्या पूर्व भागापर्यंत हा पाचवा. यावरून बरीच वर्षं असं मानलं गेलं की हा बदल जगात अनेकदा स्वतंत्रपणे झाला. २०१८ मध्ये पूर्ण जनुकक्रम वापरून केलेल्या अभ्यासाने म्हटलं की नाही, एकदाच झाला, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी, आणि बाकीचे फरक नंतर साचले. मोजक्या खुणांनी एक गोष्ट सांगितली, लाखो खुणांनी दुसरी.

अजून एक. अरब-भारतीय नमुन्याबरोबर बाळपणीचं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त राहतं, म्हणून 'भारतातला सिकलसेल सौम्य' असं पुस्तकात छापलं गेलं. आमच्या वॉर्डात येऊन बघा कोणी. नागपूरच्या डॉक्टरांनीही दाखवलंय की विदर्भातली मुलं वारंवार आजारी पडतात, दाखल होतात. खूण सौम्य म्हणते म्हणून पोराच्या सांध्याचं दुखणं कमी होत नाही. हे सरकारी बैठकीत कोणीतरी 'सौम्य' म्हणतं तेव्हा फार चीड येते, म्हणून लिहिलं.

---

एडिसनकर

सुंदर धागा. मी इथे अमेरिकेत थुंकी पाठवून वंशाची चाचणी केली. पहिल्यांदा आलं 'दक्षिण आशियाई ९९ टक्के', म्हणजे ते मला आरशात दिसतच होतं. वर्षभराने त्यांनी अपडेट केलं, तर आता त्यात 'गुजरात' आणि 'दक्षिण भारत' अशी विभागणी. मी तर सात पिढ्यांचा वाईकर! माझा डीएनए बदलला का?

---

चिंचबन

तुमचा डीएनए तोच, त्यांचा संदर्भसंच बदलला. तुमच्या लाखो खुणा त्यांच्याकडच्या नमुन्यांशी ताडून बघतात. त्यांच्याकडे वाईचे लोक नसतील तर तुम्हाला जवळात जवळच्या खणात टाकतात, आणि खण कोणते ते त्यांनीच आखलेले.

१९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन यांनी रक्तगट आणि प्रथिनांच्या खुणांवरून हिशेब मांडला होता की माणसांतल्या एकूण जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के एकाच समूहातल्या दोन माणसांमध्येच असतात. डीएनएच्या खुणांनीही आकडा साधारण तोच आला. उरलेल्या थोड्या फरकावरून, खुणा पुष्कळ घेतल्या तर माणूस कुठल्या भागातला हे सांगता येतं. पण त्यावरून स्वभाव, बुद्धी, 'उच्च रक्त' असलं काही निघत नाही.

---

पेशवाई_मिसळ

मग राखीगढीच्या हडप्पाकालीन सांगाड्याच्या डीएनएचं काय? आर्य बाहेरून आले की नाही ते एकदा

---

व्यवस्थापन

हा विषय इथे नको, त्यावर आधीच तीन धागे कुलूपबंद आहेत. वरचा प्रतिसाद अर्धा ठेवला आहे.

---

गाढझोप

हाहा, व्यवस्थापनाशी सहमत. मी भूलतज्ज्ञ आहे, जातीचा विषय निघालाच तर त्यातली कामाची गोष्ट सांगते. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात स्यूडोकोलिनेस्टरेज हे एन्झाइम कमी असण्याचं प्रमाण जास्त आहे. अशा माणसाला आम्ही नळी घालण्याआधी सक्सिनिलकोलीन (स्नायू ढिले करणारं औषध, हेच एन्झाइम ते मोडतं) दिलं, तर जे औषध काही मिनिटांत उतरायचं ते तासन् तास उतरत नाही. स्नायू ढिले, श्वास बंद, पेशंट व्हेंटिलेटरवर. हे आमच्या सीनियर्सना अनुभवाने माहीत होतं. २०१७ मध्ये हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि हार्वर्ड यांच्या अभ्यासात कारणाचा चेहरा दिसला: आपल्याकडचे कित्येक समाज थोड्या पूर्वजांपासून वाढले आणि शेकडो वर्षं आपापसातच लग्नं करत राहिले, त्यामुळे एखाद्या पूर्वजाचा दुर्मीळ बदल पूर्ण समाजात पसरला. रानभूल यांच्या काळ्या वाघांसारखंच की.

म्हणून मी पेशंटला विचारते ते 'घरात कोणाला भुलीचा त्रास झाला होता का?' जात विचारत नाही. एका समाजात प्रमाण जास्त म्हणजे समोरच्या माणसात तो बदल आहेच असं नव्हे, आणि दुसऱ्या समाजात नाहीच असंही नव्हे.

---

इंद्रावती

गाढझोप ताई, हे अगदी आमच्यासारखंच. सिकलसेल 'आदिवासींचा आजार' म्हणून बाकीच्यांची तपासणीच राहून जायची. विदर्भात तो इतरही अनेक समाजांत आहे. लग्नाआधी दोघांनी तपासावं, जात काहीही असो. दोघंही वाहक (एकच बदललेली प्रत असलेले) असले तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार असण्याची चारात एक शक्यता.

---

म्हसवडकर

वाचतोय सगळं. माझा पुतण्या फलटणकडं बागायतीत आहे, ऊस-कडवळ आहे त्याच्याकडं, साठ-एक मेंढरं बांधून पाळतो. त्याला जमंल असं वाटतंय. एक विचारतो. समजा त्यानं तो नर आणला, तर पुढं कळपात घरचीच नरं वाढवायची का? आणि रक्ताचा कागद कसा घ्यायचा?

---

चिंचबन

काका, बीबी नर साध्या दख्खनी मेंढ्यांवर सोडला की सगळ्या लेकी बी-प्लस होतात, एकही चुकत नाही. तिथेच थांबायचं. त्या लेकींवर पुन्हा बी-प्लस नर सोडला तर पावभाग बीबी निघतील, पावभाग साध्या, आणि डोळ्यांनी ओळखता येणार नाहीत. म्हणून घरचे नर वाढवायचे नाहीत, खाटकाला द्यायचे. नर बाहेरून आणायचा आणि त्याच्याबरोबर चाचणीचा कागद मागायचा. सख्ख्या लेकींवर तोच नर परत सोडू नका, दोन वर्षांनी बदला.

नमुन्यासाठी कानाच्या कडेला सुई टोचून एक-दोन थेंब जाड गाळण कागदावर. सावलीत पूर्ण वाळवायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ओला घालायचा नाही. एका जनावराला एक कागद, त्यावर बिल्ल्याचा नंबर शिसपेन्सिलीने लिहायचा. पेनाची शाई पसरते. कुठे पाठवायचं ते संस्थेतच विचारा.

---

म्हसवडकर

नंबर पेन्सिलीनं, हे ध्यानात ठेवतो. नराचा भाव किती सांगतील? बाजारात माडग्याळ जातीचा नर घ्यायला गेलं तर ट्रॅक्टरचा हप्ता सांगतात. एवढा असंल तर पुतण्या काय ऐकत न्हाई.

---

जालन्याचा_बियाणेवाला

काका, भाव काहीही सांगोत, आधी कागद बघा. आमच्या धंद्यात पिशवी छान आणि आत भलतंच, हे रोजचं आहे.